शिलारसात कोण उतरलं होतं? नॉर्मन बोवेन यांची गोष्ट



अकरावी-बारावीचं भूशास्त्र तुम्ही शिकवत असाल किंवा घरी मुलांचा अभ्यास घेत असाल, तर इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी एक आकृती नक्की पाहिली असेल. डाव्या फांदीवर वरून खाली ऑलिव्हीन, पायरॉक्सीन, अँफिबोल आणि काळे अभ्रक. उजव्या फांदीवर फेल्डस्पार, आधी कॅल्शियमचे आणि मग हळूहळू सोडियमचे. दोन्ही फांद्या खाली एकत्र येतात, पुढे पोटॅशियमचे फेल्डस्पार, पांढरे अभ्रक आणि सगळ्यात शेवटी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. या आकृतीचं नाव 'बोवेनची अभिक्रिया श्रेणी'. दोन गुणांना हमखास विचारली जाते.

मी ती पाठ करूनच पास झालो आणि पुढे बरीच वर्षं मुलांकडूनही पाठच करून घेतली. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, "सर, हा क्रम बघितला कोणी? शिलारसात कोण उतरलं होतं?" वर्ग हसला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न अगदी योग्य होता. जमिनीखाली कित्येक किलोमीटरवर, हजार-बाराशे अंश सेल्सिअस तापमानात काय घडतं, हे कोणी आणि कसं पाहिलं? त्या मुलाला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आज लिहितो आहे.

नॉर्मन लेव्ही बोवेन यांचा जन्म २१ जून १८८७ रोजी कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात, किंग्स्टन या गावी झाला. वडील लंडनहून येऊन तिथे स्थायिक झालेले. गावात त्यांची बेकरी होती. बेकरीवाल्याच्या मुलानं पुढे जन्मभर भट्टीपाशीच काम करावं, हा योगायोग मला फार आवडतो. गावातल्याच क्वीन्स विद्यापीठात ते शिकले. सुट्टीच्या दिवसांत सर्वेक्षण पथकांबरोबर ऑन्टारिओच्या रानात हिंडले. तिथल्या गोगँडा तलावाच्या परिसरात काळ्या अग्निज खडकाबरोबरच फिकट, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक सापडतो. त्याविषयीचा बोवेन यांचा लेख १९१० साली प्रसिद्ध झाला.

आता त्या काळातला मोठा प्रश्न समजून घेऊ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अग्निज खडकांचे प्रकार शेकड्यांनी आहेत. काही काळे आणि जड, काही गोरे आणि हलके. मग पृथ्वीच्या पोटात प्रत्येकासाठी वेगळा शिलारस आहे का? की मूळ रस एकच, आणि त्यातूनच वाटेत वेगवेगळे खडक होत गेले? एकच असेल तर तो वेगळा होतो कसा? कोणी म्हणे, तेल आणि पाणी जसं वेगळं होतं तसे रसाचे दोन भाग पडतात. कोणी म्हणे, वर चढताना तो आजूबाजूचे खडक वितळवून पोटात घेतो. कोणी सगळं काम वायूंवर सोपवून मोकळे होत. बॉस्टनच्या एम.आय.टी.मध्ये बोवेन यांना शिकवणारे रेजिनाल्ड डेली हे खडक गिळणाऱ्या रसाच्या बाजूचे होते. शिष्यानं पुढे वेगळी वाट धरली.

ही वाट वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेतून जात होती. १९०५ साली स्थापन झालेल्या या प्रयोगशाळेचा हेतूच हा होता की खडकांबद्दल नुसते वाद न घालता ते भट्टीत तयार करून बघायचे. ही कल्पना तशी जुनीच. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडमध्ये सर जेम्स हॉल यांनी खडक वितळवून सावकाश थंड केले होते. पण त्यांच्या मुशीतलं तापमान नेमकं किती, हे सांगणारं खात्रीचं साधन त्या वेळी नव्हतं. आता विजेच्या भट्ट्या आल्या होत्या आणि प्लॅटिनम व ऱ्होडियमच्या तारांनी तापमान काटेकोर मोजता येत होतं. बोवेन १९१० पासून तिथे काम करू लागले, १९१२ साली एम.आय.टी.ची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत रीतसर रुजू झाले.

त्यांची कामाची पद्धत मुलांना जरूर सांगा. खरं उत्तर तिच्यातच आहे.

शुद्ध रसायनं अचूक वजन करून मिसळायची आणि वितळवायची. थंड झालं की कुटून पूड करायची, पुन्हा वितळवायची, म्हणजे मिश्रण एकजीव होतं. त्यातली चिमूटभर पूड प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यात गुंडाळायची आणि ती पुडी उभ्या भट्टीत बारीक तारेनं टांगायची. तापमान ठरलेल्या अंशावर आणायचं आणि तिथेच धरून ठेवायचं. कधी काही तास, कधी कितीतरी जास्त. मग विजेचा झटका देऊन तार वितळवायची. पुडी खाली ठेवलेल्या पाऱ्यात टपकन पडते आणि क्षणात थंड होते.

यात गंमत अशी, की इतक्या झटकन थंड झाल्यावर द्रवाला स्फटिक बनवायला सवडच मिळत नाही. तो काच होऊन गोठतो. भट्टीत असताना जे स्फटिक तयार झाले होते ते मात्र तसेच राहतात. म्हणजे पुडी उघडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की त्या तापमानाला काय काय होतं याचा जणू फोटोच मिळतो. काच दिसली तर तिथे द्रव होता, स्फटिक दिसले तर स्फटिक होते. एका पुडीनं आलेखावरचा एकच बिंदू मिळतो. तापमान दहा अंशांनी बदला, पुन्हा पुडी. मिश्रणाचं प्रमाण बदला, पुन्हा सगळं पहिल्यापासून. परीक्षेत मुलं जी आकृती मिनिटभरात काढतात, तिच्यामागे अशा असंख्य पुड्या आहेत.

१९१३ साली त्यांनी फेल्डस्पारच्या एका गटाचं, प्लॅजिओक्लेजचं, कोडं सोडवलं. या गटाच्या एका टोकाला कॅल्शियमचं खनिज असतं, ते साधारण १५५० अंशांना वितळतं. दुसऱ्या टोकाला सोडियमचं, ते साधारण ११०० अंशांना. दोन्ही निम्मे-निम्मे घेऊन वितळवले आणि थंड करत नेले, तर पहिले स्फटिक निम्म्या-निम्म्या प्रमाणाचे येत नाहीत. त्यांच्यात कॅल्शियम खूपच जास्त असतं. साहजिकच उरलेल्या द्रवात सोडियमचा वाटा वाढतो. तापमान आणखी उतरलं की आधीचे स्फटिक त्या बदललेल्या द्रवाशी देवाणघेवाण करतात, कॅल्शियम देतात, सोडियम घेतात. ही देवाणघेवाण म्हणजेच 'अभिक्रिया'. श्रेणीच्या नावातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच, आणि आपण शिकवताना तोच गाळतो. आपण 'क्रम' शिकवतो, जणू खनिजं रांगेत उभी राहून एकेक करून बाहेर पडतात. वास्तवात आधी आलेलं खनिज द्रवाशी अभिक्रिया करून पुढच्याचं रूप घेत असतं. ऑलिव्हीनचा पायरॉक्सीन होतो तो असाच.

मग ही देवाणघेवाण मध्येच तुटली तर? समजा, पहिले स्फटिक जड असल्यामुळे तळाशी बुडाले, त्यांच्यावर दुसरे साचले आणि द्रवाशी त्यांचा संबंधच संपला. मग दिलेलं परत घेण्याची सोय उरत नाही. द्रव बदलतच जातो आणि शेवटी उरलेला रस मूळ रसापेक्षा अगदी वेगळा असतो.

घरी करून बघण्यासारखं एक उदाहरण देतो. कोकम सरबताचा पेला फ्रीझरमध्ये ठेवा आणि अर्धवट गोठल्यावर बाहेर काढा. कडेचा बर्फ फिकट आणि जवळजवळ बेचव लागेल. मधलं न गोठलेलं सरबत मात्र गडद आणि गोडमिट्ट. आधी पाणी गोठलं, साखर आणि रंग मागे राहिले. आता तो बर्फ काढून टाकलात तर हातात राहील ते वेगळंच पेय. शिलारसातून स्फटिक वेगळे झाले की असंच होतं, असं बोवेन यांचं म्हणणं. (सरबतात ती उलट अभिक्रिया होत नाही, हे मुलांना सांगायला विसरू नका. उदाहरण तेवढ्यापुरतंच घ्यायचं.)

पण स्फटिक खरंच बुडतात का? रस किती दाट असतो! १९१५ साली बोवेन यांनी छोट्या मुशीत मिश्रण वितळवलं, स्फटिक बनू लागतील अशा तापमानाला ते ठेवलं आणि मग झटकन थंड केलं. कापून पाहिलं तर ऑलिव्हीनचे स्फटिक तळाशी गोळा झालेले. वेगळ्या मिश्रणात हलके सिलिकेचे स्फटिक उलट वर तरंगलेले. मूस अंगठ्याएवढी असेल-नसेल, पण प्रश्न ज्वालामुखीखालच्या अख्ख्या शिलारसाचा होता. त्याच वर्षी अग्निज खडकांच्या उत्क्रांतीवर त्यांनी मोठा प्रबंध लिहिला. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस.

पुढे पहिलं महायुद्ध आलं. दुर्बिणी आणि नेमबाजीच्या उपकरणांना लागणारी उत्तम काच अमेरिकेला तोवर जर्मनीकडून मिळायची, ती थांबली. काच म्हणजे शेवटी गोठलेला सिलिकेट द्रवच, म्हणून या प्रयोगशाळेतली माणसं काच कारखान्यांकडे धाडली गेली. खडकांत बोवेन ज्या स्फटिकांची वाट बघत बसायचे, तेच काचेत आले की माल बाद! काचेत नको ते स्फटिक का येतात, यावर त्यांनी लेखही लिहिले. युद्धानंतर थोडा काळ क्वीन्समध्ये प्राध्यापकी केली आणि १९२० मध्ये पुन्हा भट्टीकडे परतले. १९२२ साली 'अभिक्रियेचं तत्त्व' मांडणारा लेख आला. आपली पाठांतराची आकृती याच लेखातून आली. १९२७ साली प्रिन्स्टनला दिलेल्या व्याख्यानांचं 'द इव्होल्यूशन ऑफ द इग्नियस रॉक्स' हे पुस्तक १९२८ मध्ये निघालं आणि पुढच्या पिढ्या त्यावर वाढल्या.

पुस्तकातल्या धड्यात गोष्ट इथे संपते. खरी गोष्ट इथून पुढे रंगते.

याच प्रयोगशाळेत क्लॅरेन्स फेनर नावाचे शास्त्रज्ञ होते. बोवेनपेक्षा वयानं सतरा वर्षांनी मोठे. ही माणसं नुसती भट्टीपाशी बसणारी नव्हती, हेही सांगायला हवं. १९१२ साली प्रयोगशाळेचे संचालक आर्थर डे आणि शेफर्ड हे हवाईच्या किलाउआ ज्वालामुखीवर जाऊन थेट लाव्हातून निघणारा वायू नळीनं गोळा करून आले होते. ज्वालामुखीच्या वायूत पाणी नसतंच, असं एका स्विस संशोधकाचं ठाम मत होतं. यांच्या नळ्यांत पाणी सापडलं. त्याच वर्षी अलास्कात कटमाईजवळ प्रचंड उद्रेक झाला आणि अख्खी दरी वाफांच्या धुरांड्यांनी भरून गेली. फेनर तिथे जाऊन काम करून आले होते. उष्ण वायू काय करू शकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. स्फटिक बुडण्यानं सगळं उलगडतं, हे त्यांना पटेना.

बोवेन यांना वायूंचं वावडं नव्हतं. पण काही अडलं की लोक वायूचं नाव पुढे करतात, जणू सांगाल ते काम करणारा वेताळ हाताशी आहे, यावर ते पुस्तकात मिश्कील टोला मारतात. मोजमाप असेल तर बोला, असा त्यांचा खाक्या.

वादाचा दुसरा मुद्दा होता लोखंडाचा, आणि तो जास्त अडचणीचा होता. बोवेन यांच्या मांडणीत स्फटिक वेगळे होत गेले की उरलेल्या रसात सिलिका वाढते आणि लोह कमी होतं. फेनर यांनी १९२९ साली मांडलं की बेसॉल्टच्या खडकांत उलटंच दिसतं. उरलेला रस लोहानं अधिकाधिक समृद्ध होतो, सिलिका फारशी वाढत नाही. एकाच इमारतीत काम करणारे दोघे, आणि मतं अशी तोंडं फिरवून!

अडचण कुठे होती बघा. बोवेन यांच्या सुरुवातीच्या मिश्रणांत लोहच नव्हतं. मुद्दाम टाळलं होतं, कारण भट्टीत लोह फार त्रास देतं. हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं रूप बदलतं, आणि प्लॅटिनमच्या भांड्यात ठेवलं तर प्लॅटिनम ते शोषून घेतं. म्हणजे खरा खडक लोहानं भरलेला आणि प्रयोगातला रस बिनलोहाचा. टीका वर्मी लागणारी होती. बोवेन नुसते उत्तर-प्रत्युत्तरात अडकले नाहीत. जॉन फ्रँक शेअरर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी लोखंडाच्याच मुशीत, हवा काढून नायट्रोजन भरलेल्या भट्टीत लोहाची मिश्रणं वितळवायला घेतली. लोह आणि सिलिका यांचं काम १९३२ साली प्रसिद्ध झालं, त्यात मॅग्नेशियम घालून १९३५ साली. ज्या बाबतीत टीका झाली नेमक्या त्याच बाबतीत वर्षानुवर्षं मोजमाप करणं, मला वाटतं, बोवेन यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा भाग आहे. श्रेणीपेक्षाही.

निवाडा मात्र भलत्याच ठिकाणाहून येऊ लागला. पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर स्केरगार्ड नावाचं शिलारसाचं एक जुनं भांडार उघडं पडलेलं आहे. लॉरेन्स वेजर आणि विल्यम डीअर यांनी त्याचा अभ्यास १९३९ साली प्रसिद्ध केला. तिथे तळापासून थरावर थर बसलेले स्फटिक दिसत होते. मुशीत दिसलं तेच डोंगराएवढ्या आकारात. इथे बोवेन जिंकले. पण खालून वर जावं तसं त्या खडकांतलं लोह वाढत गेलेलं. इथे फेनर जिंकले!

१९३७ साली बोवेन शिकागो विद्यापीठात गेले आणि दहा वर्षांनी पुन्हा वॉशिंग्टनला आले. तोवर भूशास्त्रात ग्रॅनाइटचं भांडण पेटलं होतं. बेसॉल्टच्या रसातून ग्रॅनाइटचा रस उरणार तो फार तर दहावा हिस्सा. मग खंडांवर ग्रॅनाइटचे एवढे पसारे आले कुठून? काहींचं म्हणणं, ग्रॅनाइट कधी वितळलेला नव्हताच, जुन्या खडकांत उष्ण द्रव-वायू झिरपून त्यांचाच ग्रॅनाइट झाला. १९४७ साली ओटावाच्या सभेत बोवेन यांनी दोन्ही पक्षांना गमतीशीर नावं दिली. एक पक्ष धर्मपीठावरच्या आचार्यांचा, दुसरा सदा रसात भिजलेल्यांचा. स्वतः अर्थातच पहिल्यात.

विनोद करून ते पुन्हा भट्टीकडे वळले. सोबत होते तरुण ऑर्विल टटल. टटल यांनी उच्च दाबाखाली पाण्यासह खडक तापवता येईल असं साधं, मजबूत पोलादी पात्र तयार केलं. आता ज्वालामुखीच्या वायूंमधला मुख्य घटक, म्हणजे पाणी, मोजून मुशीत घालता येऊ लागलं. दाबाखालचं पाणी मिसळलं की ग्रॅनाइटच्या घटकांचं मिश्रण ७०० अंशांच्या आसपासच द्रव होतं; कोरडं असताना त्याहून शेकडो अंश जास्त लागतात. आणि सगळ्यात कमी तापमानाला द्रव राहणाऱ्या मिश्रणाचं प्रमाण काढलं, तर ते निसर्गातल्या ग्रॅनाइटशी जुळलं. म्हणजे ग्रॅनाइट वितळलेल्या रसाचाच. पण यात एक मेख आहे. सगळ्यात शेवटी गोठणारा रस आणि खडक तापवल्यावर सगळ्यात आधी वितळणारा रस, दोन्ही एकाच प्रमाणाचे. त्यामुळे ग्रॅनाइट बेसॉल्टचा उरलेला अंश असेल किंवा जुनं भूकवच वितळून झालेला असेल, दोन्ही शक्य आहे. खंडांवरच्या मोठ्या पसाऱ्यांसाठी आज ही दुसरी वाट महत्त्वाची मानतात.

बोवेन १९५२ साली निवृत्त झाले आणि ११ सप्टेंबर १९५६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. टटल यांच्याबरोबरचा ग्रॅनाइटचा ग्रंथ १९५८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

लोहाचा हिशेब त्याच्या पुढच्या वर्षी जुळला. पूर्वी याच प्रयोगशाळेत काम केलेल्या एल्बर्ट ऑस्बॉर्न यांनी १९५९ साली प्रयोगांतून दाखवलं, की रसात ऑक्सिजन किती उपलब्ध आहे यावर सगळं अवलंबून आहे. तो भरपूर असेल तर लोहाचं लवकरच मॅग्नेटाइट बनतं, स्फटिकरूपानं बाहेर पडतं आणि उरलेला रस बोवेन यांच्या वाटेनं जातो. कमी असेल तर लोह रसातच साठत राहतं, फेनर म्हणत होते तसं. फेनर तर १९४९ सालीच गेले होते. दोघांपैकी कोणालाच हे वाचायला मिळालं नाही.

जाता जाता, आपल्या पायाखालचा दगड यात कुठे बसतो ते सांगतो. महाराष्ट्राचा बराचसा भाग साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसॉल्टनं झाकलेला आहे. या दख्खनच्या बेसॉल्टची रासायनिक विश्लेषणं १९२२ सालीच प्रसिद्ध झाली होती, आणि ती करणारे हेन्री वॉशिंग्टन हे त्याच भूभौतिकी प्रयोगशाळेतले. त्या विश्लेषणांत ठळक दिसत होतं ते भरपूर लोह. पुढच्या तासाला वर्गात काळ्या दगडाचा एखादा तुकडा न्या, जुना आणि उन्हापावसात पडलेला. फोडून आतला काळा भाग आणि बाहेरची तांबूस साल शेजारी शेजारी दाखवा. ती तांबूस साल म्हणजे त्याच लोहाचा गंज.